मंद झालेला लॅपटॉप: नवी एसएसडी बसवावी, की जुन्याच डिस्कवर विंडोज पुन्हा टाकावे?

प्रश्न : खिळाक्षर

नमस्कार. मी साताऱ्यात अक्षरजुळणीचे काम करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि अधूनमधून एखादे पुस्तक, असे कामाचे स्वरूप आहे. हे सर्व काम २०१८ साली घेतलेल्या एका लॅपटॉपवर चालते. त्यात इंटेलचा आठव्या पिढीचा आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह आहे. विंडोज १० होम लॅपटॉपसोबतच आलेले, मूळचे आहे.

गेल्या वर्षभरात वेग इतका खालावला आहे की सकाळी बटण दाबल्यापासून पेजमेकर (पाने मांडण्याचे सॉफ्टवेअर) उघडून प्रत्यक्ष काम सुरू होईपर्यंत पाव तास सहज जातो. कोरल ड्रॉमध्ये पत्रिका उघडी असताना ब्राउझर सुरू केला, तर माउसचा बाणसुद्धा अडखळतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या रकान्यात बहुतेक वेळ १०० टक्के दिसते, प्रोसेसर मात्र वीस टक्क्यांच्या वर क्वचितच जातो.

इथल्या एका दुकानदाराचे म्हणणे असे की सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज पुन्हा टाकले की काम होईल, आणि डी ड्राइव्हमधील कामाला हातही लागणार नाही. दुसऱ्याने सुचवले की एसएसडी (फिरती तबकडी नसलेला, चिपवर माहिती ठेवणारा ड्राइव्ह) बसवावी आणि डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी जुनी हार्ड डिस्क कॅडीमध्ये, म्हणजे त्या मापाच्या चौकटीत, घालून ठेवावी. नव्या ड्राइव्हवर आहे तीच प्रणाली क्लोन करावी, म्हणजे जशीच्या तशी उतरवावी, की सगळे कोरे टाकावे, याबद्दलही त्या दोघांत एकमत नाही. माझी खरी चिंता वेगाची जितकी आहे तितकीच जुन्या कामाची आहे. पेजमेकर ७ मध्ये केलेल्या, श्रीलिपी (मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर) आणि तत्सम जुन्या फॉन्टांतल्या अनेक वर्षांच्या फाइली माझ्याकडे आहेत आणि ग्राहक त्याच फाइली दरवर्षी दुरुस्त करून मागतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून अपडेट मिळण्याची मुदत संपली असल्याने याच वेळी ११ वर जावे का, हेही सांगावे.

पान्हा

लॅपटॉप दुरुस्ती हाच माझा व्यवसाय असल्याने जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या वर्णनातील सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे टास्क मॅनेजरमधील ते दोन आकडे. आता त्याच खिडकीतल्या परफॉर्मन्स भागात डिस्कवर टिचकी मारा. खाली वाचनाचा आणि लेखनाचा प्रत्यक्ष वेग दिसेल. डिस्क १०० टक्के व्यग्र आहे आणि वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी आहे असे तिथे दिसले, तर लॅपटॉपला अडवून ठेवणारी वस्तू डिस्कच आहे, असे समजायला हरकत नाही.

याचे कारण यंत्ररचनेत आहे. लॅपटॉपमधील बहुतेक हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, थांबावे लागते आणि त्याआधी हेड योग्य वर्तुळावर नेण्यात आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. हिशेब केला तर विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साठ-सत्तरच वाचने होतात आणि प्रत्येक वाचनात ४ केबी मिळाले, तर सेकंदाला जेमतेम पाव एमबी माहिती हाती येते. एखादी मोठी सलग फाइल कॉपी करताना हीच डिस्क शंभर एमबीच्या आसपास वेग देते, म्हणून ती ठणठणीत आहे असा समज होतो. पण विंडोज सुरू होताना वाचाव्या लागणाऱ्या हजारो फाइली लहान आणि विखुरलेल्या असतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्यामुळे असे एक वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर उरकते. तुम्हाला जाणवणार असलेला फरक मुख्यतः या प्रतीक्षेच्या काळातला आहे. म्हणूनच साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीचा सेकंदाला ५५० एमबी आणि एनव्हीएमई या नव्या जोडणीच्या एसएसडीचा ३००० एमबी हे खोक्यावरचे आकडे शेजारी ठेवून फार विचार करत बसू नका. अक्षरजुळणीच्या कामात त्या दोन्हींतला फरक तुमच्या लक्षातही येणार नाही.

आता फॉरमॅटच्या सल्ल्याविषयी. जुन्याच हार्ड डिस्कवर विंडोज नव्याने टाकले, तर सुरुवातीला वेग खरोखर वाढलेला दिसतो, कारण आपोआप सुरू होणारे प्रोग्राम गेलेले असतात आणि फाइली डिस्कवर पुन्हा सलग मांडल्या जातात. पुढे अपडेट, अँटिव्हायरस, ब्राउझर, प्रिंटरचे सॉफ्टवेअर हे सर्व परत येते आणि सेकंदाला साठ-सत्तर वाचनांची मर्यादा पुन्हा आडवी येते. ज्या लॅपटॉपमध्ये आधीच एसएसडी आहे आणि तरीही तो रखडतो, त्याला कोऱ्या प्रतिष्ठापनेचा उपयोग होतो. तुमचा लॅपटॉप त्या वर्गातला नाही.

डी ड्राइव्ह सुरक्षित राहील, या आश्वासनावर मात्र बिलकुल विसंबू नका. आपल्याकडे लॅपटॉप विकतानाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची पद्धत रूढ असल्याने डी म्हणजे काहीतरी वेगळी वस्तू आहे, अशी समजूत घट्ट झाली आहे. प्रत्यक्षात ते एकाच तबकडीवर आखलेले भाग आहेत आणि डिस्क बिघडली की दोन्ही एकदमच जातात. विंडोज टाकताना चुकीचा भाग निवडला जाणे हाही नेहमीचाच प्रकार आहे.

रॅमबद्दल बोलायचे तर टास्क मॅनेजरच्या मेमरी भागात किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते. दोनपैकी एकच वापरात असेल, तर आणखी ८ जीबीची डीडीआर४ पट्टी घालणे फायद्याचे ठरेल, कारण रॅम अपुरी पडली की विंडोज तोच भार डिस्कवर टाकते. तरी क्रम आधी एसएसडी आणि मग रॅम असाच ठेवा. पंखा आणि धूळही तपासून घ्या. तुमच्या प्रोसेसरचा मूळ वेग १.६० गिगाहर्ट्झ आहे. काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये तो सतत त्याच्याही खाली दिसत असेल, तर उष्णता किंवा अडॅप्टर यांपैकी कशात तरी खोट आहे आणि ती एसएसडीने जाणार नाही.

ड्राइव्ह घेताना हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी घ्या. तुमच्या लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट (पट्टीच्या आकाराच्या एसएसडीची खाच) असण्याचीही शक्यता आहे, पण त्या काळातील मध्यम किमतीच्या अनेक लॅपटॉपांत तो स्लॉट केवळ साटा एसएसडी स्वीकारतो. दिसायला तशीच असलेली एनव्हीएमई पट्टी त्यात ओळखली जात नाही. मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका पाहिल्याशिवाय ती विकत घेऊ नका.

क्लोन की कोरे, याचे उत्तर देण्याआधी एक तपासणी करून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवा आणि हार्ड डिस्कची प्रकृती काय दाखवतो ते इथे लिहा. विशेषतः ०५, सी५ आणि सी६ या ओळींतील शेवटच्या रकान्याचे आकडे हवे आहेत.

पेंग्विन

आठव्या पिढीच्या आय५ वर लिनक्स मिंट सुरेख चालते आणि विंडोज १० ची मुदत संपल्याचा प्रश्नच उरत नाही. विचार करून पाहावा.

शिरोरेघ

पेंग्विन यांचा सल्ला घरगुती वापरासाठी उत्तम असला, तरी पेजमेकर आणि श्रीलिपी यांवर ज्याचा चरितार्थ आहे त्याला तो लागू पडणार नाही. मीही याच व्यवसायात असल्याने फॉन्टांविषयी लिहितो. वेगाचे पान्हा यांनी सांगितलेच आहे.

जुन्या पेजमेकर फाइलींमध्ये मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व फॉन्टांना समान असलेल्या सांकेतिक क्रमांकांत, साठवलेला नसतो. श्री-देव-०७१४, डीव्हीबी-टीटीसुरेख किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. काना एका जागी, अर्धा क दुसऱ्या जागी, रफार तिसऱ्या जागी. फाइलमध्ये फक्त त्या जागांचे क्रमांक असतात आणि त्यांना मराठी रूप देण्याचे काम नेमका तोच फॉन्ट करतो. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर अख्खा अहवाल रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन उघडतो. एका कंपनीच्या फॉन्टाऐवजी दुसऱ्या कंपनीचा घालूनही उपयोग नसतो, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी असते. एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांतही कधीकधी एखादे जोडाक्षर सरकलेले आढळते.

हे फॉन्ट डी ड्राइव्हमध्ये नसतात. ते सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातील फॉन्ट्स या फोल्डरात असतात आणि काही त्या-त्या वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात जातात, कारण विंडोज १० च्या २०१८ मधील एका आवृत्तीपासून एकाच वापरकर्त्यापुरता फॉन्ट बसवण्याची सोय आली. म्हणजे ‘फक्त सी फॉरमॅट करू’ असे म्हणणारा दुकानदार तुमच्या फाइली ठेवेल आणि त्या वाचण्याची किल्ली पुसून टाकेल. दुकानदाराला यात दोष देता येणार नाही, कारण बहुतेक ग्राहकांच्या फॉन्ट्स फोल्डरात विंडोजच्या स्वतःच्या फॉन्टांपलीकडे काही नसतेच.

म्हणून ड्राइव्ह बदलण्याआधी एक यादी कागदावर तयार करावी. पेजमेकरची मूळ सीडी आणि तिचा अनुक्रमांक हाताशी आहे का, श्रीलिपीची तुमच्याकडील आवृत्ती यूएसबी लॉकवर चालते की संगणकाशी बांधलेल्या नोंदणीवर, कोरल ड्रॉची नोंदणी कोणत्या खात्यावर आहे, या गोष्टी जुना लॅपटॉप चालू असतानाच पाहून घ्याव्यात. लॉकवर चालणारे सॉफ्टवेअर नव्या ड्राइव्हवर टाकून लॉक लावला की चालते. संगणकाशी बांधलेली नोंदणी असेल तर आधी विक्रेत्याशी बोलावे. आणि दरवर्षी लागणाऱ्या अहवालांच्या पीडीएफ आजच करून ठेवाव्यात. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत गुंफला जातो, त्यामुळे पुढे काही गोंधळ झालाच, तरी मूळ पान कसे दिसत होते याचा पुरावा राहतो.

कॅडीच्या सूचनेला माझा विरोध आहे. ज्याला पेजमेकर सीडीवरून टाकायचे आहे त्याने डीव्हीडी ड्राइव्ह काढून टाकणे सोयीचे नाही.

माझा स्वतःचा कल क्लोनकडे आहे. आमच्यासारख्यांच्या संगणकावर वर्षानुवर्षांच्या लहान लहान जुळण्या असतात. पेजमेकरमधल्या शैली, कीबोर्डची मांडणी, प्रिंटरच्या सेटिंग, कोरलचे टेम्प्लेट यांची यादी करायला बसलो तरी निम्म्या गोष्टी आठवणार नाहीत, आणि क्लोनमध्ये त्या न आठवताही येतात.

जमाखर्च

खिळाक्षर, याच लॅपटॉपवर टॅली असेल, तर जुनी प्रणाली चालू असतानाच तिचे लायसन्स सरेंडर करून घ्या आणि नव्या ड्राइव्हवर पुन्हा सक्रिय करा; डेटाच्या फोल्डराचा बॅकअप वेगळा घ्या. डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असते, त्यामुळे ड्राइव्ह बदलल्याने ती जात नाही. तिचा ड्रायव्हर तेवढा पुन्हा टाकावा लागतो.

खिळाक्षर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टॅली नाही, हिशेब वहीतच आहे. पेजमेकरची सीडी आणि अनुक्रमांक सापडला. श्रीलिपी यूएसबी लॉकवर चालते.

क्रिस्टलडिस्कइन्फो चालवले. वर पिवळ्या रंगात ‘कॉशन’ असे लिहून आले. ०५ समोर शून्ये आहेत, सी५ समोर शेवटी १८ आणि सी६ समोरही १८ आहे. डिस्कचा वेग पाहिला तर १०० टक्के व्यग्र असताना अनेकदा एक एमबीच्याही खाली असतो आणि मध्येच काही सेकंद चक्क शून्य होतो. क्लोन करण्याचे मी जवळपास ठरवले होते. हे आकडे पाहता ते योग्य ठरेल का?

पान्हा

हे आकडे पाहिल्यावर कामाचा क्रम बदलावा लागेल. दुकानात लॅपटॉप देण्याआधी, किंबहुना नवी एसएसडी आणण्याआधी, एक बाह्य ड्राइव्ह आणा आणि काम त्यावर कॉपी करा.

सी५ म्हणजे ज्या जागा डिस्कला वाचता आल्या नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, अशांची संख्या. तो आकडा षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या पटीने मोजण्याच्या) पद्धतीत दाखवला जातो, म्हणून १८ म्हणजे आपल्या पद्धतीने २४. हल्लीच्या डिस्कवरील ४ केबीचा एक प्रत्यक्ष सेक्टर ५१२ बाइटच्या आठ सेक्टरांइतका मोजला जातो, त्यामुळे प्रत्यक्षात बहुधा तीनच जागा बिघडल्या असाव्यात. संख्या लहान आहे, पण डिस्क अशा जागेपाशी आली की एकाच वाचनाचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत अडून बसते आणि तेवढा वेळ बाकी सर्व मागण्या रांगेत उभ्या राहतात. वेग मध्येच शून्यावर येतो आणि माउस अडखळतो, त्यामागे हेही एक कारण असणार.

इथे फॉरमॅटचा एक फसवा गुण सांगितला पाहिजे. त्या बिघडलेल्या जागांवर नव्याने काही लिहिले गेले, की डिस्क एकतर ती जागा पुन्हा चांगली ठरवते किंवा तिच्याऐवजी राखीव जागा वापरते आणि दोन्ही प्रसंगी सी५ चा आकडा शून्यावर येतो. ग्राहकाला वाटते डिस्क बरी झाली. त्या जागेवरची मूळ माहिती मात्र कायमची गेलेली असते. पृष्ठभाग तपासणारी चेकडिस्क किंवा डीफ्रॅग हेही बॅकअप होईपर्यंत चालवू नका. अशा डिस्ककडून जेवढे कमी काम करून घ्याल तेवढे बरे.

कॉपी करताना महत्त्वाचे फोल्डर आधी घ्या: चालू कामे, मग दरवर्षीचे अहवाल, मग फॉन्ट, मग बाकीचे. फोटो आणि गाणी सगळ्यात शेवटी. विंडोजच्या साध्या कॉपीमध्ये एखादी फाइल अडली की सगळेच खोळंबते, म्हणून विंडोजमध्येच असलेली, आज्ञा टाइप करून चालवायची रोबोकॉपी वापरा. मात्र तिच्यात पुनःप्रयत्नांची मूळ संख्या दहा लाख आणि दोन प्रयत्नांमधली प्रतीक्षा ३० सेकंद अशी ठरवलेली असते. ती दोन्ही एकवर आणली नाहीत, तर एका बिघडलेल्या फाइलीपाशी ती बसूनच राहील. नोंदफाइल ठेवायला सांगा, म्हणजे कोणत्या फाइली राहिल्या ते नंतर कळेल. कॉपी झाल्यावर प्रत्येक वर्षातील काही फाइली बाह्य ड्राइव्हवरून प्रत्यक्ष उघडून पाहा.

क्लोनचे सांगायचे तर बहुतेक क्लोन सॉफ्टवेअर वाचता न येणारी जागा आली की थांबते किंवा ती जागा कोरी सोडून पुढे जाते. दुसऱ्या प्रकारात नवी प्रणाली सुरू होईलही, पण ती कोरी जागा नेमक्या कोणत्या फाइलीत होती हे तुम्हाला सहज कळणार नाही. शिरोरेघ यांचा क्लोनबद्दलचा मुद्दा निरोगी डिस्कसाठी मला मान्य आहे. तुमच्या बाबतीत मात्र नव्या एसएसडीवर कोरे विंडोज टाकावे, असे मी ठामपणे सांगेन. यात जुने पुसले जात नाही हे लक्षात घ्या. जुनी डिस्क आहे तशी बाहेर निघते, यूएसबी केसमध्ये घालता येते, आणि एखादा फॉन्ट किंवा टेम्प्लेट राहिल्याचे लक्षात आले की तिथून काढून घेता येतो. डिस्क काढण्याआधी विंडोजच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय) चालू आहे का तेवढे पाहा. चालू असेल तर बंद करणे म्हणजे अख्खी डिस्क वाचून पुन्हा लिहिणे, आणि ते या अवस्थेत नको. त्याऐवजी तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातील रिकव्हरी की लिहून ठेवा. तिच्याशिवाय ही डिस्क दुसऱ्या प्रणालीवर उघडणार नाही.

विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे, त्यामुळे थेट ११ टाकणेच सयुक्तिक ठरेल. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेल पीटीटी चालू करून घ्या, कारण विंडोज ११ ची टीपीएम २.० ही सुरक्षेची अट त्यावर अवलंबून आहे; सिक्युअर बूटही चालू करा. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घ्या आणि जुनी डिस्क लॅपटॉपमधून बाहेर असतानाच प्रतिष्ठापना करा, म्हणजे चुकीची डिस्क निवडली जाण्याचा प्रश्नच येणार नाही. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते. होमच्या जागी होम टाकले की इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप सक्रिय होते. दुकानदार ‘अ‍ॅक्टिव्हेटर (परवान्याशिवाय विंडोज सक्रिय करणारा प्रोग्राम) मारून देतो’ म्हणाला, तर स्पष्ट नकार द्या. तुमच्याकडे अधिकृत परवाना आहे आणि त्या अ‍ॅक्टिव्हेटरांतून नको ते सॉफ्टवेअर शिरते.

हा धागा इतर कोणी वाचत असेल त्यांच्यासाठी: अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांत विंडोजच्या प्रतिष्ठापनेला कधीकधी ड्राइव्हच दिसत नाही. ड्राइव्ह खराब नसतो, इंटेलचा व्हीएमडी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून तो आधी भरावा लागतो. खिळाक्षर यांना याची गरज नाही.

नवी एसएसडी बसवल्यावर तिच्यावरही क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. चालू राहिल्याचे तास आणि आजवर लिहिलेली माहिती हे आकडे जवळजवळ शून्य असायला हवेत. नसतील तर ड्राइव्ह वापरलेला आहे.

पेंग्विन

लिनक्सचा हट्ट सोडतो, पण एका कामापुरते ते तुम्हाला लागेल. रोबोकॉपीनंतरही काही मोलाच्या फाइली राहिल्या, तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीएनयू डीडीरेस्क्यू चालवता येते. ते आधी सहज वाचता येणारा सर्व भाग दुसऱ्या मोठ्या ड्राइव्हवर उतरवून घेते, अवघड जागा शेवटी ठेवते आणि कुठवर आलो याची नोंद एका नकाशाफाइलीत करते. त्यामुळे काम मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येते. मूळ डिस्कवर ते काहीही लिहीत नाही. स्रोत आणि लक्ष्य ड्राइव्हची नावे उलटसुलट होणार नाहीत याची खात्री मात्र दोनदा करा. उतरवलेल्या प्रतिमेतून नंतर निवांतपणे फाइली काढता येतात.

खिळाक्षर

रोबोकॉपीने जवळजवळ सगळे आले. नोंदफाइलीत राहिलेल्या फाइलींपैकी एकच कामाची होती आणि तिची पीडीएफ माझ्याकडे आहे, म्हणून डीडीरेस्क्यूपर्यंत जावे लागले नाही. ५०० जीबीची साटा एसएसडी बिलासह घेतली आणि तिच्यावर विंडोज ११ टाकले. ते आपोआप सक्रिय झाले. लॅपटॉप आता अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतो आणि कोरल उघडे असताना ब्राउझरही मोकळा चालतो. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामाच आहे, तो सध्या तसाच ठेवला आहे.

दोन अडचणी उरल्या आहेत. पेजमेकर सुरू होते, पण काही फाइली जतन करताना नकार देते. दुसरे म्हणजे श्रीलिपीचे फॉन्ट व्यवस्थित दिसतात, परंतु एका जुन्या शीर्षक-फॉन्टाची फाइल कॉपी करूनही तो यादीत येत नाही. त्या फाइलीच्या नावाशेवटी पीएफबी असे आहे.

शिरोरेघ

पहिल्या अडचणीसाठी पेजमेकरच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून गुणधर्मांत ‘प्रशासक म्हणून चालवा’ हा पर्याय कायमचा निवडा. ते २००१ सालचे सॉफ्टवेअर आहे. आपल्या स्वतःच्या फोल्डरात काहीही लिहिता येईल असे ते धरून चालते आणि हल्लीचे विंडोज तशी मुभा देत नाही. एखादा प्रिंटर, निदान पीडीएफचा तरी, पूर्वनिर्धारित म्हणून निवडलेला असू द्या. प्रिंटर नसेल तर पानाची मांडणी करतानाही पेजमेकर कुरकुर करते.

दुसऱ्या अडचणीतला शीर्षक-फॉन्ट पोस्टस्क्रिप्ट टाइप १ या जुन्या प्रकारचा आहे. त्या प्रकारात एका फॉन्टाच्या दोन फाइली असतात: पीएफबीमध्ये अक्षरांचे आकार आणि पीएफएममध्ये त्यांची मापे. तुम्ही एकच उचललेली दिसते. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून त्याच नावाची पीएफएम फाइल शोधा, दोन्ही एका फोल्डरात ठेवा आणि पीएफएमवर उजवी टिचकी मारून फॉन्ट बसवा. पेजमेकरमध्ये तो दिसू लागेल. अडोबीच्या नव्या सॉफ्टवेअरांत मात्र तो दिसणार नाही, कारण जानेवारी २०२३ पासून त्यांनी टाइप १ ला आधार देणे बंद केले आहे. त्या शीर्षकांची अक्षरे कोरलमध्ये घेऊन वक्ररेषांत रूपांतरित करून ठेवलीत, तर पुढे फॉन्टावाचूनही ती वापरता येतील.

पान्हा

जुनी डिस्क जोडाल तेव्हा विंडोज ‘या ड्राइव्हमध्ये त्रुटी आहेत, तपासून दुरुस्त करू का?’ असे विचारेल. तिथे नको म्हणा, पीएफएम फाइल तेवढी घ्या आणि ड्राइव्ह लगेच सुरक्षितपणे काढून घ्या.

खिळाक्षर

पीएफएम फाइल मिळाली, फॉन्ट यादीत आला. पेजमेकरही आता विनातक्रार जतन करते.